मेथीमुळे नव्हे

"खडतरे, ही पिवळी चिठ्ठी तुमची?"

प्रशासक पाटगावकर मॅडमनी चिठ्ठी दोन बोटांत धरली होती, ताटात केस सापडल्यावर धरतात तशी. त्यांच्या समोर डॉक्टर सबनीस बसले होते. त्यांच्या ॲप्रनच्या खिशाला 'रुग्णसुरक्षा सप्ताह, प्रमुख पाहुणे' अशी फीत अजून तशीच होती. सप्ताह संपून चार दिवस झाले होते, पण डॉक्टरांना ती काढवत नसावी.

"हो मॅडम, माझीच."

"काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "भूपाल मगदूम, वय अठ्ठावन्न. व्हिटॅमिन केचे इंजेक्शन शिरेतून किती वेळात दिले, याची नोंद डॉक्टरांच्या कागदात नाही. कृपया लिहावी."

"कशाला हवंय तुम्हाला ते?"

"आकडा द्यायचाय."

इचलकरंजीतल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी नऊ वर्षं आकडे देत होतो. रेकॉर्ड रूम तळघरात, एका बाजूला धोबीखाना, दुसऱ्या बाजूला जनरेटर. पेशंट घरी गेला किंवा देवाघरी गेला की त्याची फाईल माझ्याकडे यायची. जाडजूड पुस्तकात बघून मी त्याच्या दुखण्याचा आणि दुखण्याच्या कारणाचा आकडा लावायचा. कावीळ झाली, आकडा. गाढवानं लाथ मारली, त्यालाही आकडा आहे. या कामाचा पहिला नियम असा, की आकडे देणारा माणूस काहीही ठरवत नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल त्याचाच आकडा. सिस्टरनं लिहिलेलं वाचायचं, पण धरायचं नाही. शंका आली तर डॉक्टरांना पिवळी चिठ्ठी पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. नऊ वर्षांत मी पाठवलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांची उत्तरं अजून यायची आहेत.

"तुमचं शिक्षण काय हो, खडतरे?" डॉक्टर सबनीसांनी विचारलं.

"बी. एस्सी. वनस्पतिशास्त्र."

"मग झाडंझुडपं सोडून शिरेत कशाला शिरता?"

मॅडम हसल्या. मीही हसलो. वरिष्ठांच्या विनोदाला हसण्याचा आकडा पुस्तकात नाही, नाहीतर माझी फाईल फुगली असती.

"सर, दोन आकडे आहेत," मी म्हणालो. "वाय चव्वेचाळीस म्हणजे औषध बरोबर, मात्रा बरोबर, देणं बरोबर, पेशंटच्या शरीरालाच ते सोसलं नाही. वाय त्रेसष्ट म्हणजे देण्यात चूक. घाईला वेगळा आकडा नाही, ती त्रेसष्टमध्येच बसवतात. म्हणून वेळ विचारली."

"सोसलं नाही. लिहा."

"सिस्टरच्या नोंदीत दहा चाळीसला इंजेक्शन आणि दहा एकेचाळीसला..."

"सिस्टरच्या नोंदीवरून आकडा देता येतो? नियम काय आहे?"

नियम त्यांना पाठ होता. माझ्या चिठ्ठ्यांना त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, पण नियम पाठ होता.

"नाही येत."

"मग झालं तर."

पाटगावकर मॅडमनी चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकले. महिन्याभरानं मानांकनवाले तपासणीला येणार होते. "गेली पाच वर्षं आपल्याकडे त्रेसष्टच्या रकान्यात शून्य आहे," त्या म्हणाल्या. "हे तुमच्यामुळेच शक्य झालंय, खडतरे."

कौतुकच होतं ते.

मी खाली आलो आणि वाय चव्वेचाळीस टाकला. संगणकानं हिरवी खूण दाखवली. मी डबा उघडला. डब्यात घेवडा होता.

जेवताना एस्तेर सिस्टर आली. मगदूम गेले त्या बुधवारी त्यांच्या वॉर्डात तीच होती. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून तिनं सांगितलं ते असं. मगदूम यंत्रमाग दुरुस्त करायचे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, त्यामुळे रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. दाढ दुखली म्हणून आमच्याच दंतविभागानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांचं आणि या गोळीचं जमत नाही, हे दंतविभागाला कुणी सांगितलं नव्हतं. रक्त नको इतकं पातळ झालं आणि नाकातून यायला लागलं. त्यावर उतारा म्हणून व्हिटॅमिन के. ते रक्त गोठवतं. मात्र शिरेतून द्यायचं तर सलाईनमध्ये मिसळून, थेंबथेंब, अर्धा तास.

"मी सलाईन लावूनच उभी होते," एस्तेर म्हणाली. "सर म्हणाले, द्या ती सिरिंज इकडे, माझ्याकडे अर्धा तास नाहीये, खाली दीपप्रज्वलन आहे."

"कसलं दीपप्रज्वलन?"

"रुग्णसुरक्षा सप्ताहाचं."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"सर, हळू द्यायचंय, असं मी म्हटलं. ते नोंदीतही लिहिलंय. तिसऱ्या पानावर बघ. मगदूमकाका म्हणाले, सिस्टर, छातीवर कुणीतरी बसलंय. तेवढंच बोलले." तिनं पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला. "नंतर सगळं केलं रे आम्ही. पाऊण तास केलं."

दीप मात्र वेळेवर प्रज्वलित झाला. फोटो स्वागतकक्षात लावला होता. मी रोज त्याच्यासमोरून अंगठा लावायला जायचो.

त्यानंतर सोळा दिवसांनी, सोमवारी, रेकॉर्ड रूमच्या खिडकीत एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय पन्नाशीपुढे, अंगावर धुऊन धुऊन फिकी झालेली सुती साडी, हातात कापडी पिशवी.

"कागद पायजे होते ओ. भूपाल मगदूम यांचे."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मंडळी. त्रिशला मगदूम."

आमच्या अर्जावर दोन चौकटी होत्या, 'सारांश' आणि 'संपूर्ण केसपेपर'. कुठल्या चौकटीत खूण करायची हे अर्जदारानं ठरवायचं, असं वर छापलेलं. प्रत्यक्षात आम्हीच पहिल्या चौकटीत खूण करून कागद सहीला पुढे सरकवायचो. सारांश एका पानाचा असतो. त्यात सिस्टरची नोंद नसते, वेळ नसते, दीप तर नसतोच. मी सवयीनं पहिल्या चौकटीत खूण केली आणि सारांशाची प्रत त्यांना दिली.

त्या गेल्या नाहीत. खिडकीतच उभ्या राहून ओळीखाली बोट फिरवत वाचू लागल्या. एका जागी बोट थांबलं.

"हे के, म्हंजे मेथीतलंच न्हवं?"

"काय?"

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. आमच्याच आहारविभागाचा तक्ता. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी काय खाऊ नये त्याचा. मेथी, पालक, कोथिंबीर यांची चित्रं, त्यावर लाल फुल्या आणि खाली ठळक अक्षरांत, 'यांत व्हिटॅमिन के असते.'

"शनिवारी त्यांनीच मागितली ओ," त्या म्हणाल्या. "तोंडाला चव न्हाई म्हणाले. आमच्यात चातुर्मासात पालेभाजी करत न्हाईत. वन्सं बस्तीत दर्शनाला गेल्यावर केली, मुगाची डाळ घालून. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. लई दिवसांनी खाल्ल्या. सोमवारी नाकातनं रक्त आलं, मंगळवारी हितं आणलं, आन बुधवारी..."

त्यांनी तक्त्याची घडी पुन्हा घातली.

"वन्संनी डॉक्टरास्नी इचारलं, कशानं गेला माझा भाऊ? डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिन केचं रिअॅक्शन. वन्संनी ह्योच कागद त्यांच्या म्होरं धरला. ह्यातलंच का म्हणून. डॉक्टर व्हय म्हणाले आन गेले."

"व्हय म्हणाले?"

"मी तिथंच हुते की. तवापासनं चूल वन्संच्या हातात. मला पाण्याचा तांब्या येगळा. त्यांचं सोडा, पर पोरगी... माझी पोरगी, बाळंतपणाला आलीया. माझ्या हातचं घेत न्हाई. बोलत काय न्हाई. मी वाढलं की ताट सरकवती."

मग त्या खिडकीच्या जाळीला अगदी तोंड लावून हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, ते मेथीचं ज्या पानावर लिवलंय ना, तेवढं पान कुणाला दिऊ नका. पोरीच्या सासरी कळलं तर तिथंबी माझ्या हातचं कोण खाणार न्हाई. त्यासाठीच आले मी."

नऊ वर्षांत त्या खिडकीत लोकांनी पानं मागितली होती. पान देऊ नका म्हणणारी ही पहिली. आणि एक पान आम्ही खरोखरच देत नव्हतो.

"अक्का," मी म्हणालो, "मेथीमुळे नाही गेले ते."

"आसं कसं?"

"त्यांचं रक्त पातळ झालं होतं. मेथीनं पातळ होत नाही, उलट घट्ट होतं. त्या घरात त्या दिवशी त्यांच्या बाजूनं कुणी असेल, तर ती तुमची मेथी होती."

वनस्पतिशास्त्राचा माझ्या नोकरीत झालेला हा पहिला उपयोग.

"तुम्ही डॉक्टर हाय?"

"नाही."

"मग वन्सं कशाला ऐकतील? डॉक्टरांनी लिवून द्याया पायजे. एक ओळ. मेथीमुळं न्हाई, एवढीच."

मी फाईल उचलली आणि त्यांना घेऊन वर गेलो.

डॉक्टर सबनीसांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी मागवलं. आवाजात तूप होतं. "बाई, झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका. देवाची इच्छा."

"देवाचं न्हाई इचारत साहेब. एक ओळ लिवून द्या. मेथीमुळं न्हाई म्हणून."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "खडतरे, बाईंना जरा बाहेर बसवा."

बाई बाहेर बाकावर बसल्या. दार लागलं.

"मेथीमुळे नाही असं मी लिहिलं, तर पुढचा प्रश्न काय येईल?"

"मग कशामुळे, असा."

"बघा. वनस्पतिशास्त्रवाल्यालाही कळतं."

"सर, घरात तिच्या हातचं कुणी खात नाही. मुलगीसुद्धा."

"घरगुती मामला आहे. आणि पथ्य मोडलंच होतं ना तिनं? तक्ता दिला होता, मिळाल्याची सही आहे." ते खुर्चीत मागे रेलले. "खडतरे, लोकांना काहीतरी कारण लागतं हो. कुणी ग्रह धरतं, कुणी करणी. यांनी मेथी धरली. मेथीचं काय बिघडतंय?"

ते हे चिडून बोलले असते तर बहुतेक मी नऊ वर्षं गिळलं तसंच हेही गिळलं असतं. पण ते अगदी मोकळेपणानं बोलले. दाबायची गोष्ट आयती कुणीतरी स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडतंय, तर कशाला उतरवा, असा तो साधा हिशोबी आनंद होता.

बाहेर आलो. त्या उठून उभ्या राहिल्या. "लिवलं?"

"खाली चला."

खाली येऊन मी नवा अर्ज काढला आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. त्यांनी सही केली. एक्केचाळीस पानांची प्रत काढली. यंत्र दोनदा अडकलं, दोनदा मी त्याला लाथ घातली. तिसरं पान सगळ्यात वर ठेवलं आणि वाचून दाखवलं. "दहा चाळीस. सरांनी इंजेक्शन स्वतः शिरेतून दिले. हळू द्यावे असे सांगितले. दहा एकेचाळीस. रुग्णास धाप, छातीवर दाब."

मग संगणक उघडला. वाय चव्वेचाळीस खोडलं आणि वाय त्रेसष्ट टाकलं. संगणकानं विचारलं, बदलाचं कारण? मी लिहिलं, 'दीपप्रज्वलन.' संगणकाला ते चाललं. हिरवी खूण आली.

शेवटी पिवळ्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं आणि जमेल तितक्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'भूपाल मगदूम यांचा मृत्यू मेथीच्या भाजीमुळे झालेला नाही. शिरेतून हळू द्यायचे इंजेक्शन घाईने दिल्यामुळे झाला.' खाली रुग्णालयाचा गोल निळा शिक्का मारला आणि चिठ्ठी जाळीखालून सरकवली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. बाई आता रडतील, दोन शब्द बोलतील, मी 'त्यात काय एवढं' म्हणेन, असं सगळं मनात तयार होतं.

त्यांनी चिठ्ठी वाचली. मग तिसरं पान वाचलं. दोन वेळांखाली बोट ठेवलं.

"हे तुमास्नी कवापासनं ठावं हाय?"

मी ऐकलं नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. जनरेटर नेमका बंद होता.

"कवापासनं?"

"तुम्ही त्यांना घेऊन गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी फाईल माझ्याकडे आली."

त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. एक हात झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला.

"पंचवीस दिस."

"अक्का, मी चिठ्ठी पाठवली होती वर. त्यांनी ती फाडली. आमचा नियम असा आहे की..."

"पंचवीस दिस मी येगळ्या तांब्यातलं पाणी पितीया." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पोरगी माझ्याकडं पाठ करून झोपती. आन तुम्ही हितं खाली बसून हुता. हे पान घिऊन."



त्यांनी चिठ्ठी पुन्हा जाळीखालून आत सरकवली. मला वाटलं, परत करताहेत.

"हिच्याखाली नाव न्हाई."

"शिक्का आहे ना. रुग्णालयाचा आहे. चालतो तो सगळीकडे."

"दवाखाना तर त्या दिवशी व्हय म्हणाला हुता. आता न्हाई म्हणतोय, ते कोण म्हणतंय? वन्सं इचारतील मला." त्यांनी शिक्क्यावर बोट आपटलं. "तुमचं नाव घाला. मोठ्या अक्षरात. आन तारखा दोन्ही घाला."

"दोन्ही कुठल्या?"

"तुमास्नी कळलं ती. आन तुम्ही सांगितलं ती."

नऊ वर्षं मी हजारो फायलींवर आकडे टाकले होते. एकावरही माझं नाव नव्हतं. आकडे देणारा माणूस काही ठरवत नाही, मग त्याचं नाव कशाला. पेन हातात घेतलं. मी नाव लिहिलं, आडनावासकट. खाली पहिली तारीख. त्याच्याखाली दुसरी.

त्यांनी चिठ्ठी निरखून बघितली, एक्केचाळीस पानांच्या वर ठेवली, सगळं पिशवीत घातलं आणि गेल्या. आभार मानले नाहीत.

पुढचं थोडक्यात. आठव्या दिवशी मला घरी पाठवलं. पत्रात कारण होतं, 'शिक्क्याचा अनधिकृत वापर.' त्रेसष्ट पुसून पुन्हा चव्वेचाळीस झालं. रकान्यात शून्य राहिलं आणि मानांकन मिळालं. एस्तेरला वॉर्डातून काढून चादरी मोजायला बसवलं. दीपप्रज्वलनाचा फोटो मी शेवटचा पाहिला तेव्हा तो मोठा करून फ्रेममध्ये घातला होता.

दिवाळीनंतर मी जयसिंगपूरच्या एका औषधदुकानात कामाला लागलो. एके दिवशी कडेवर तान्हं मूल घेतलेली एक तरुण मुलगी बाळासाठी ग्राइपवॉटर घ्यायला आली. माझ्या खिशावर दुकानानं नावाची पट्टी लावलेली होती. मुलगी ती पुन्हा पुन्हा वाचू लागली.

"खडतरे म्हणजे, रेकॉर्डमधले?"

"हो. तुम्ही?"

"मगदूमांची लेक."

बाटली पिशवीत घालताना मी विचारलं, "आई कशा आहेत? स्वयंपाक...?"

"आईच करते. आता मेथीपण करते." ती जराशी हसली. "तुमची चिठ्ठी तिनं फडताळाच्या दाराला आतून चिकटवलीय. आत्याला पिठाचा डबा काढायचा झाला की ती वाचावीच लागते. मलापण."

मला बरं वाटलं. माझा चेहरा तसा झाला असावा, कारण तिचं हसणं थांबलं. बाळाला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली,

"तुमचं नाव मात्र आमच्यात कुणी घेत नाही. आई तुम्हाला पंचवीस दिवसवाले म्हणते."